वडिलांकडचा साक्षीदार: जुबामधून शिष्यवृत्ती मिळवतानाचा माझा अनुभव

शिष्यवृत्तीचा अर्ज लिहायला आम्हाला नऊ दिवस लागले आणि अर्ज करणारी मुलगी दक्षिण सुदानची नागरिक आहे, हे सिद्ध करायला अकरा आठवडे लागले. या गोष्टीला बरीच वर्षे झाली, तरी त्या अकरा आठवड्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, नोकरीनिमित्त राहणारे मराठी लोक आहेत, आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या दक्षिण सुदानी मुलांना शिकवणारे, घर देणारे लोकही आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला मदत करायला गेले, तर निदान त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०१८ साली मी जुबामध्ये एका मदत संस्थेचे हिशेब पाहत होते. आमच्याकडे कायदेविषयक मदतीच्या कामावर एक चोवीस वर्षांची तरुणी होती. तिचे आईवडील जुबाच्या उत्तरेला नाईलकाठी असलेल्या बोर या शहराचे. नोव्हेंबर १९९१ मध्ये बोरमध्ये जे हत्याकांड झाले, त्यानंतर ते केनियाच्या दिशेने निघाले आणि १९९२ साली तिथे उभ्या राहिलेल्या काकुमा या निर्वासितांच्या छावणीत पोहोचले. तिचा जन्म त्या छावणीत झाला. वडील पुढे युद्धात गेले आणि आई अजूनही छावणीतच राहते. शाळा केनियातील अभ्यासक्रमाची, कायद्याची पदवी मात्र जुबा विद्यापीठाची, अशी तिची दोन देशांत विभागलेली कागदपत्रे होती. तिला मानवाधिकार आणि शासनव्यवस्था हाच विषय पुढे शिकायचा होता आणि त्याबद्दल तिच्या मनात कधी संदेह नव्हता.

शिष्यवृत्तीची निवड आम्ही एका संध्याकाळी केली. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन हजार आठशे तासांचा कामाचा अनुभव लागत होता, तो तिच्याकडे नव्हता. निर्वासित विद्यार्थ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेमार्फत चालणारी डाफी ही शिष्यवृत्ती आश्रय दिलेल्या देशात पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे, आणि ही तर पदवी घेऊन मायदेशी परतलेली. भारत सरकारची आयसीसीआरची (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची) शिष्यवृत्ती मी आग्रहाने सुचवली होती, कारण तिचा अर्ज सरळ आहे आणि जुबात भारताचा दूतावास आहे. मात्र तिला आफ्रिकेतील न्यायालये आणि आफ्रिकेतील करार शिकायचे होते, आणि विचार केल्यावर मला तिचे म्हणणे पटले. प्रिटोरिया विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्रात २००० सालापासून आफ्रिकेतील मानवाधिकार आणि लोकशाहीकरण या विषयाचा एलएलएम, म्हणजे कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, चालतो. आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांतून निवडलेले विद्यार्थी पहिले सत्र प्रिटोरियात आणि दुसरे सत्र खंडातील दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात पूर्ण करतात. तिने तोच निवडला.

निबंधाविषयी एवढेच सांगते की, आपल्या दुःखाची कहाणी लिहून निवड होत नाही. तिचा पहिला मसुदा छावणीबद्दल होता. दुसरा मसुदा तिने दक्षिण सुदानमधील यादवी युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या ऑगस्ट २०१५ च्या शांतता कराराच्या पाचव्या प्रकरणावर लिहिला. त्या प्रकरणात संमिश्र न्यायालय (देशातले आणि आफ्रिकेतील इतर देशांचे न्यायाधीश असलेले), सत्य आणि सलोख्याचा आयोग आणि नुकसानभरपाईचे प्राधिकरण अशा तीन यंत्रणांचे वचन होते आणि तीन वर्षांनंतरही त्यांपैकी एकही उभी राहिलेली नव्हती. ती का उभी राहिली नाही आणि त्यासाठी नेमके कोणते ज्ञान कमी पडते आहे, हे तिने दोन पानांत मांडले, आणि तो मसुदा वाचताना ही मुलगी निवडली जाणार याची मला खात्री वाटली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सशर्त निवडीचे पत्र आले. अट एकच होती, की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पासपोर्टची प्रत पाठवावी.

पासपोर्ट नव्हता. पासपोर्टसाठी राष्ट्रीयत्वाचा दाखला लागतो, तोही नव्हता. त्या दाखल्यासाठी वयाचा पुरावा लागतो आणि छावणीत जन्मलेल्या मुलीकडे वयाचा पुरावा म्हणजे एक जुने शिधापत्र, ज्यावर जन्मतारीख एक जानेवारी अशी लिहिलेली होती. तिच्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख एक जानेवारीच आहे, कारण नोंद करणाऱ्याला वर्ष अंदाजाने कळत होते आणि दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. रुग्णालयातून वयनिश्चितीचे प्रमाणपत्र मिळते, ते आम्ही एका दिवसात आणले आणि त्यावरही एक जानेवारीच आली. तेव्हा मला वाटले की आता आठवडाभरात काम होईल.

दाखला देणाऱ्या कार्यालयात सकाळी सातला रांग लागते. अर्जदाराच्या राष्ट्रीयत्वाची साक्ष द्यायला नातेवाईक लागतो, म्हणून आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्याबरोबर साक्षीदार म्हणून तिची मावशी होती. मावशी जुबातच राहते, तिच्याकडे स्वतःचा दाखला आहे, आणि तो तिने पावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर दोरा बांधून आणला होता. तीन तासांनी आमची पाळी आली. टेबलामागच्या अधिकाऱ्याने फाइल उघडली, साक्षीदाराच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘वडिलांकडचे कोण आले आहे?’ मावशीने पिशवी पुढे केली. त्याने दोरासुद्धा न सोडता ती परत सरकवली. वडिलांकडचा माणूस आणा, एवढेच म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

इथे कायदा काय सांगतो हे मला लिहिलेच पाहिजे. दक्षिण सुदानच्या २०११ च्या संक्रमणकालीन राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात म्हटले आहे की, दक्षिण सुदानी आईच्या किंवा दक्षिण सुदानी वडिलांच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक व्यक्तीला नागरिकत्वाचा अहस्तांतरणीय अधिकार आहे. त्याच वर्षीचा राष्ट्रीयत्वाचा कायदाही आईकडची आणि वडिलांकडची वंशरेषा सारखीच मानतो. म्हणजे मावशीची साक्ष कायद्याने पूर्ण होती. दुसऱ्या खेपेला त्या मुलीने ते कलम छापून नेले आणि टेबलासमोर उभे राहून शांतपणे वाचून दाखवले. अधिकाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले, ‘बरोबर आहे’ असे म्हटले आणि पुन्हा वडिलांकडचा माणूस मागितला. तिसऱ्या खेपेला तो साहेब जागेवर नव्हता आणि शेजारच्याने ‘बुकरा’ म्हटले. जुबाच्या अरबी बोलीत बुकरा म्हणजे उद्या. आपल्या तहसील कचेरीत ‘उद्या या’ ऐकलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की आमच्याकडे मोजकेच उद्या शिल्लक होते.

चौथ्या खेपेला मी स्वतः आत गेले आणि आवाज चढवला. ती माझी मोठी चूक होती. परदेशी बाई मध्ये पडली म्हटल्यावर फाइल वरच्या साहेबांकडे गेली आणि तिथे बारा दिवस पडून राहिली. म्हणून परदेशी माणसाने या कार्यालयाच्या दारापर्यंत जावे, फी आणि रिक्षाभाडे द्यावे, पाणी घेऊन बाहेर झाडाखाली बसावे. आत जाऊ नये.

तिच्या वडिलांचा सख्खा भाऊ बोरजवळ गुरांच्या तळावर होता. जुबा ते बोर अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे, परंतु पावसाळ्याच्या अखेरीस तो रस्ता आणि ते अंतर यांचा संबंध राहत नाही, आणि तळावर फोनची रेंजही नव्हती. निरोप पोहोचायला आठ दिवस लागले. काका नाईलमधून बोटीने आले, सोबत फक्त एक काठी आणि एक पिशवी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुतणीबरोबर रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर लागला, आणि अधिकाऱ्याने त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा राष्ट्रीयत्वाचा दाखला मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता. जन्मभर जो माणूस त्या मातीवरून हललाच नाही, त्याला तो दाखला कोणी कधी मागितलाच नव्हता. साक्षीदाराकडे स्वतःचा दाखला असावा लागतो, हे आम्हाला पाच खेपांमध्ये एकदाही कोणी सांगितले नाही. त्या दिवशी ती मुलगी पहिल्यांदा रडली. काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिले.

याच दिवसांत, १२ सप्टेंबरला, अदिस अबाबामध्ये नवा शांतता करार झाला आणि ३१ ऑक्टोबरला जुबामध्ये त्याचा मोठा समारंभ झाला. त्या आठवड्यात कार्यालयात काहीच काम झाले नाही. मी शांततेच्या विरोधात कशी असेन? पण ज्या मुलीला त्या कराराचा अभ्यास करायचा होता, तिची मुदत त्या सुट्ट्यांमध्ये संपत चालली होती, हे विसरता येत नाही. फॉर्मवर मूळ राज्य कोणते लिहावे, यावरूनही एक खेप वाया गेली. २०१५ मध्ये दहा राज्यांची अठ्ठावीस झाली होती आणि २०१७ मध्ये बत्तीस, आणि फॉर्म मात्र जुन्या दहा राज्यांचा होता. (२०२० मध्ये पुन्हा दहा राज्ये झाली, त्यामुळे आता ही अडचण येऊ नये, तरी गाव, पायम (काउंटीचा पोटविभाग) आणि काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) यांची नावे आधीच कागदावर लिहून न्यावीत.)

मार्ग अखेर चर्चमध्ये सापडला. बोरकडच्या दिंका जमातीच्या लोकांमध्ये एपिस्कोपल चर्चचे अनुयायी पुष्कळ आहेत आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर तिथे गावाकडची सगळी मंडळी एकमेकांना भेटतात. काकांनी तिथे उभे राहून आपल्या वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव सांगितले. मागच्या बाकावरून एक शाळाशिक्षक उठले. ते तिच्या वडिलांचे चुलत भाऊ निघाले, राहत होते आमच्या कार्यालयापासून वीस मिनिटांवर, आणि त्यांच्याकडे २०१२ सालापासून दाखला होता. दोन महिने आम्ही बोरच्या दिशेने पाहत होतो आणि साक्षीदार शहरातच होता. म्हणून माझा पहिला सल्ला हा आहे, जो खरे तर सुरुवातीलाच द्यायला हवा होता: शिष्यवृत्तीची यादी उघडण्याआधी वडिलांकडचा, स्वतःचा दाखला असलेला, शहरात राहणारा नातेवाईक शोधा. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण कायद्याने त्याची गरज नाही. पण मुदत चालू असताना तत्त्वासाठी भांडायला त्या मुलीकडे वेळ नव्हता.

शिक्षक आले, त्यांनी सही केली, चार दिवसांत दाखला हातात आला आणि पुढे पासपोर्टही मिळाला. मुदत टळून गेली होती. परंतु आम्ही ऑक्टोबरमध्येच विद्यापीठाला पत्र लिहून कारण कळवले होते आणि सोबत प्रत्येक खेपेची तारीख दिली होती. तीन आठवड्यांची वाढ त्यांनी दोन दिवसांत मान्य केली. मुदत संपण्यापूर्वी लिहिलेल्या पत्राला मान मिळतो, म्हणून तारखांची वही ठेवा.

नावाचेही सांगायला हवे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहितो. दिंका लोकांमध्ये आडनाव नसते; स्वतःचे, मग वडिलांचे, मग आजोबांचे अशी साखळी असते, त्यामुळे वडील आणि मुलगी यांचे शेवटचे नाव एक नसते. तिच्या शाळेच्या प्रमाणपत्रावर बाप्तिस्म्याचे नाव पहिले होते आणि आजोबांचे नाव नव्हते, तर दाखल्यावर ते नेमके उलट झाले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र न्यायालयातून करून घ्यावे लागले. ते आधीच करून ठेवावे आणि त्याच्या निदान पाच प्रती साक्षांकित करून घ्याव्यात. अर्जाची शेवटची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने आहे हेही पाहावे, कारण दक्षिण सुदानने १ फेब्रुवारी २०२१ पासून आपले घड्याळ एक तास मागे घेतले आहे आणि जुन्या माहितीपत्रकांवर जुनाच फरक छापलेला सापडतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने दक्षिण सुदानी पासपोर्टवरील सगळे व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले, तेव्हा एकाच देशावर विसंबून राहू नये, हे वेगळे सांगायला नको.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनाही माझे एक मागणे आहे. शिकवणीची फी, राहण्याचा खर्च, विमानाचे तिकीट हे सगळे ते देतात, परंतु निवड पक्की झाल्यानंतर. काकांच्या बोटीचे भाडे, वयनिश्चितीची फी, दाखल्याची फी, पासपोर्टची फी, प्रतिज्ञापत्र आणि अकरा आठवड्यांची बुडालेली रोजंदारी हा खर्च त्याआधीचा असतो. आम्ही कार्यालयात वर्गणी काढली म्हणून ती मुलगी गेली. जिच्यामागे वर्गणी काढणारे कार्यालय नाही, ती निवड होऊनही घरीच राहते, आणि तिची नोंद कुठेही होत नाही. सशर्त निवडीच्या पत्राबरोबरच थोडी रक्कम दिली, तर हे थांबेल.

जानेवारीत तिला विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. काका तोवर जुबातच होते. शिक्षकांच्या साक्षीवर त्यांनी मधल्या काळात स्वतःचाही दाखला काढून घेतला होता. विमानतळावरून परतताना त्यांनी आमच्या कार्यालयात त्या दाखल्याच्या चार प्रती काढून मागितल्या. काकुमात आणखी चार पुतणे-पुतण्या आहेत, असे ते म्हणाले, आणि प्रती नीट चौकोनी दुमडून पिशवीत ठेवल्या.