भट्टीतलं घड्याळ

रविवार, ११ मे. दुपारचे सव्वाचार.

लाईट गेलीय. ओव्हनमध्ये ज्वारीच्या नानकटाईचे बारा गोळे अर्धेकच्चे अडकलेत आणि मी समोर स्टूल टाकून, मोबाईलच्या टॉर्चनं काचेतून आत बघत बसलोय. अकरा मिनिटं झाली होती, अजून सात तरी हवी होती. दार उघडायचं नाही एवढं ठरवलंय. दुसरं हातात काही नाही म्हणून वही घेतली.

आई मघाशी दारात येऊन गेली.

"काय करायलास रं?"

"बसलोय. लाईटची वाट बघायलोय."

"त्या घड्याळात किती वाजलं?"

घड्याळ म्हणजे ओव्हनच्या जाळीवर ठेवलेला थर्मामीटर. गोल तबकडी आहे, काटा आहे, आकडे आहेत, म्हणजे तिच्या लेखी ते घड्याळच. पहिले दोन-तीन वेळा समजावून सांगितलं, आता नाही सांगत. "दीडशे," म्हटलं. "मग हाय अजून," म्हणाली आणि आत जाऊन पडली.

या तीनशे रुपयांच्या घड्याळानं माझी दोन वर्षांची भांडणं मिटवलीत. ओव्हन घेतला तेव्हा बटण १८० वर फिरवायचं, लाल दिवा विझला की तापला असं समजायचं आणि केक आत ढकलायचा, एवढंच माहीत. वरून काळा, मधे खड्डा, आणि सुरी घातली की पिठलं. मग मी कधी सोड्याला दोष द्यायचो, कधी अंड्यांना, आणि एकदा तर "तू मधेच दार उघडलंस" म्हणून बायकोशी दिवसभर बोललो नाही. ती यापूर्वी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू घालून केक करायची, आणि तो फुगायचाही. माझ्या यंत्राकडे बघून "अहो, वाळू आणू का?" एवढंच विचारायची. ते जास्त लागायचं.

थर्मामीटर आत ठेवला त्या दिवशी खरं काय ते दिसलं. दिवा विझला तेव्हा काटा १४५ वर. वीस मिनिटं तशीच जाऊ दिली तर २०५. म्हणजे मी आधी थंड भट्टीत केक ठेवत होतो आणि तो आत असताना भट्टी हवी त्यापेक्षा वर जात होती. पीठ फुगायच्या वेळेला ऊब नाही आणि सेट व्हायच्या वेळेला वरनं आग. आता बटणावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. तिथं लावलं आणि वीस मिनिटं थांबलं की आत बरोबर १८० मिळतं. ठिपका दुसऱ्या कुणाच्या ओव्हनला लागू नाही, प्रत्येकाचा वेगळा.

(लाईट नाही अजून. काटा १४० वर.)

लहानपणी दिवाळीआधी आम्ही नानकटाई भट्टीवरनंच करून आणायचो. आई घरून रवा, मैदा, डालडा आणि दळलेली साखर डब्यात घालून न्यायची. तिथं मळून, गोळे करून पत्र्यांवर लावायचे आणि नंबर येईपर्यंत बसून राहायचं. कधीकधी रात्रीचे अकरा वाजायचे. मी पिठाच्या पोत्यावरच झोपायचो. तिथला म्हातारा पत्रा आत सारायच्या आधी चिमूटभर पीठ भट्टीच्या फरशीवर फेकायचा आणि तोंडानं काहीतरी मोजायचा. पीठ लगेच काळं पडलं की शिव्या देत थांबायचा, हळूहळू बदामी झालं की पत्रा आत. तेव्हा मला वाटायचं देवाला नैवेद्य टाकतोय. त्याचा थर्मामीटर तो होता, हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

दुसरी वस्तू वजनकाटा. ओव्हनच्या आधी हा घ्या, असं मी आता सगळ्यांना सांगतो, कुणी विचारो न विचारो. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस, तरी घरात "एक कप मैदा" असलं मोघम काही तरी वाचून कामाला लागायचो. एकदा चिडून तोच कप आम्ही दोघांनी आळीपाळीनं भरून काट्यावर ठेवला. मी चमच्यानं हलकेच भरला तर १२२ ग्रॅम. बायकोनं नेहमीसारखा डब्यात बुडवून, दाबून, वरनं बोट फिरवून भरला तर १४८. दोन कपांच्या केकमध्ये पन्नास ग्रॅमचा फरक. तो केक कोरडा होणार नाही तर काय होणार?

आईला हे सांगितलं तर तिला हसू आलं. ती मापट्यावर वाढलेली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिला अजून पाठ. "आमचं काय चुकलं न्हाई कधी," म्हणाली. आणि खरंच नसेल चुकलं. ज्वारीचा दाणा मापट्यात दाबून भरला तरी फार दबत नाही. मैदा कापसासारखा, हलका भरला की फुलतो आणि दाबला की बसतो. भाकरीच्या पिठात पाणी कमी-जास्त झालं तर हाताला लगेच कळतं आणि तिथंच सावरता येतं. केक एकदा भट्टीत गेला की त्याला काय सावरणार? आईचा अंदाज तव्यापुढं चालतो, ओव्हनच्या दारापर्यंत पोचत नाही. हे तिला मी म्हणालो नाही अर्थात.

बाकीच्या अवजारांचं थोडक्यात. रबरी स्पॅच्युला एक, चांगला. पत्र्याची पातळ भांडी देऊन टाकली, जाड अॅल्युमिनियमची दोन ठेवली, सहा इंची आणि सात इंची. एका इंचानं काय होतंय असं वाटतं, पण सात इंचीचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या ३६ टक्के जास्त. सहाचं मिश्रण सातात ओतलं की केकचा घावन होतो. सपिटाची चाळणी घरातलीच. केक गार करायला पापड भाजायची जाळी, खाली दोन वाट्या. गरम ट्रे धरायला कारखान्यातला सेकंड मालाचा जाड टॉवेल, चौघडी करून. तो कोरडाच पाहिजे. ओल्या टॉवेलनं ट्रे उचलला होता एकदा, क्षणात वाफ झाली आणि अंगठ्यावर फोड. त्या हातानं महिनाअखेरची पानं लिहिली.

आणि अडगळ: नवी पेठेतनं उत्साहानं आणलेले क्रीमची नक्षी काढायचे अट्ठेचाळीस नोझल, बदामाच्या आकाराचे सिलिकॉनचे साचे, फिरती थाळी. थाळीवर आता लोणच्याच्या बरण्या असतात. तेवढ्यासाठी ती बरी आहे.

(१२८.)

आजचा खरा त्रास उन्हाचा. सकाळी साजूक तुपाचा डबा उघडला तर तेल. तूप रवाळ असेल तरच साखरेबरोबर फेसताना त्यात हवा धरली जाते आणि नानकटाई खुसखुशीत होते. पातळ तुपात हवा राहत नाही, गोळा भट्टीत गेला की पसरतो. पुस्तकात "खोलीच्या तापमानाला आणा" असं लिहितात. कुणाच्या खोलीच्या? सोलापुरात मे महिन्यातल्या खोलीत लोणी ठेवलं तर ते चमच्यानं नाही, वाटीनं घ्यावं लागतं. तूप अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं, ८५ ग्रॅम मोजलं, ७५ ग्रॅम पिठीसाखरेबरोबर फेसलं. मग १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० मैदा, वेलदोडा, चिमूटभर सोडा. गोळे केल्यावर ट्रेसकट पुन्हा फ्रिजमध्ये पंधरा मिनिटं. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही म्हणून तिची भाकरी गरम पाण्याशिवाय वळत नाही, पावाला तर ती एकटी निरुपयोगीच. पण नानकटाईला चिवटपणा नकोच असतो. जे तिचं वैगुण्य तेच इथं उपयोगी.

पावाचं उलटं. त्याला हे ऊन मानवतं, इतकं की आवरत नाही. दीड तास लिहिलेलं असतं, आमच्याकडं पाऊण तासात पीठ डब्याबाहेर. आता काचेच्या बरणीत ठेवतो, बाहेरनं रबरबँड लावून, पीठ दुप्पट झालं की उचलायचं. पाणी माठातलं.

पावणेपाच. आली लाईट!

काटा ११२ पर्यंत उतरला होता. पुन्हा दीडशेला पोचायला सहा-सात मिनिटं, त्यावर आणखी पाच दिली. वास बदलला तेव्हा बाहेर काढल्या. गरम असताना मऊ लागतात, हात लावला की मोडतात, म्हणून जाळीवर सरकवून स्वतःला गॅलरीत हाकललं.

रात्रीचे साडेनऊ.

मधेच गार पडून पुन्हा शेकल्यामुळं सगळा ओलावा उडाला. खुसखुशीत नाहीत, चक्क कडक. आईनं एक हातात घेऊन कानाजवळ नेली आणि मोडली. कट्टकन आवाज आला.

"ही काय नानकटाई न्हाई रं. कडक भाकरी केलीस की गोड."

बायको हसली. मी म्हटलं लाईटमुळं झालं.

"हुं दे की. टिकंल." चहात बुडवून तिनं ती खाल्ली. मग दुसरी. मग शेजारच्या अक्काला द्यायला चार पेपरात बांधल्या, पुडी उचलून पाहिली, सोडली, आणि त्यातली एक परत डब्यात टाकली.