बार्शी रोडच्या तारेवरचा परका नीलपंख

सोलापुरातनं नान्नजला जाऊन आलो म्हणलं की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, माळढोक दिसला का. आता काय सांगायचं त्यांना. १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य केलं (तेव्हा कागदावर ८,४९६ चौ. किमी होतं, नंतर कमी करून १,२२२ वर आणलं) तो पक्षी आता दिसला तर पेपरात बातमी येते. पण माळावर बाकी एवढं काय काय असतं, धाविक, पखुर्डी, डोंबारी असले पक्षी, काळवीट, नशीब असलं तर लांडगा, त्याचं कुणाला काय नाय.

माझ्या मते नान्नजचा बेस्ट टाइम म्हणजे पाऊस ओसरल्यावर दसऱ्यापर्यंतचा. कुसळी गवत गुडघ्याला लागतं, नाकतोडे पायाखालनं उडत असतात, भोवत्यांचं (थंडीत येणारे शिकारी पक्षी) येणं नुकतं चालू झालेलं असतं, आणि मुख्य म्हणजे उत्तरेकडनं निघून आफ्रिकेला जाणारे पक्षी याच दिवसांत पश्चिम भारतावरनं जातात. आता ते कच्छ-राजस्थानकडनं जातात, आपल्याकडनं नाय, कच्छात तर सप्टेंबरमध्ये लोक फक्त त्यांच्यासाठी जातात. पण वाट चुकलेला एखादा आपल्या माळावर उतरू शकतो की.

यावेळी मात्र मी असल्या कुठल्या आशेनं गेलोच नव्हतो. झालं असं की माझा एक मित्र आहे, सोलापूरच्या पूर्वभागातला, तेलुगू बोलणारा पद्मशाली, त्यांच्या घरी दसऱ्याला पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख बघायची पद्धत. आजी ऐंशीच्या पुढची, तिला दरवर्षी गाडीत घालून कुठंतरी नेऊन दाखवायला लागतो आणि नेमका त्याच दिवशी पठ्ठ्या गायब असतो. म्हणून हा म्हणला की यंदा आधी रेकी करून येऊ, कुठल्या खांबावर बसतो ते बघून ठेवू. मला हसायला आलं, पण पहाटे फुकट ड्रायव्हर मिळतोय म्हणल्यावर कोण सोडतंय.

साडेपाचला निघालो. बार्शी रोड. शहर सुटलं की जरा वेळानं द्राक्षबागा लागतात, सोनाका आणि शरद सीडलेस या जाती या नान्नजच्याच बरं का, द्राक्ष खाताना कुणाला माहीत नसतं. फाट्यावर चहा मारला, मग मेन रोड सोडून आत वळलो, तिथं एका बाजूला माळ आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीसाठी तयार करून ठेवलेली रानं, मधनं लाइटच्या तारा. नीलपंखाला अजून काय पायजे.

खरं सांगायचं तर नीलपंख मी सोडूनच देतो. दर दोन खांबांआड एक असतो, कोण बघत बसणार. पण रेकी असल्यामुळं आम्ही प्रत्येकापाशी गाडी हळू करत होतो, आणि सकाळी डाव्या हाताच्या तारेवर मस्त ऊन पडलेलं असतं, सगळे रंग उघडे. तेवढ्यात मित्र म्हणला, "थांब की बे, ह्या पालपिट्ट्याला छातीवर चॉकलेटी रंगच नाय की."

बघितलं तर खरंच नाय.

आपल्या नीलपंखाचं कसं असतं, गाल, गळा, छाती सगळं तांबूस-तपकिरी आणि त्याच्यावर पांढुरक्या रेघा, निळं पोट त्याच्या खाली चालू होतं. या साहेबांचं डोकं, गाल, गळा, छाती, पोट एकाच फिकट निळ्या-हिरव्या रंगात आणि पाठ विटकरी. म्हणजे आफ्रिकेला जाणारा युरोपीय नीलपंख तर नाय ना? दुर्बिणीतनं बघितल्यावर गळ्यावर अगदी पुसट रेघा दिसल्या, आणि तिथंच मी जरा थंड झालो. कारण युरोपीय नीलपंखाचं पिल्लू पहिल्या वर्षी मळकट असतं, त्याच्या गळ्या-छातीवर रेघा असतात, आणि लांबनं, वाईट उजेडात आपलाच एखादा विटलेला नीलपंख पण असा दिसू शकतो, म्हणजे रेघांवरनं काय ठरत नाय. निळा रंग तर बिलकुल धरायचा नाय. निळे दोघंबी आहेत, मापानं पण जवळजवळ सारखे, फूटभर.

निकाल लागतो पंखावर, म्हणजे पक्षी उडाला पाहिजे. आणि हा उडेना! मित्राला सांगितलं इंजिन बंद कर आणि खाली उतरू नको. गाडीतच बसलो. बराच वेळ हा नुसती मान फिरवत रानाकडं बघतोय, मग एकदम खाली झेप, ढेकळातनं एक मोठा हिरवा नाकतोडा उचलला, परत तारेवर, दोन-तीनदा दाणदाण आपटला, तंगड्या गळून पडल्या आणि डोकं वर करून गट्टम. मी या सगळ्यात बटण दाबतच होतो पण पंख उघडल्याचे फोटो सगळे हललेले.

शेवटी काम केलं ते आपल्याच नीलपंखानं. पलीकडच्या खांबावर जो मालक बसला होता त्याला हा पाहुणा खपेना, कर्कश ओरडत तो अंगावर आला आणि दोघं आमच्या समोरनं माळावर गेले. एका फ्रेममध्ये दोघं! आपल्याच्या पंखात गडद निळा पट्टा, फिकट निळा पट्टा, परत गडद, आणि शेपटीच्या टोकाला गडद निळी पट्टी. याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा आणि मागची उड्डाणपिसं सगळी दौतीत बुडवून काढल्यासारखी काळी, मध्ये फिकट पट्टा कुठंच नाय. संपला विषय. युरोपीय नीलपंख, घरटं स्पेन-मोरोक्कोपासनं मध्य आशिया, काश्मीरपर्यंत कुठंही, हिवाळा आफ्रिकेत, आणि नाश्ता नान्नजला.

मी ओरडलो वगैरे, ते सोडा. मित्रानं शांतपणे विचारलं, "मग हा धरायचा का दसऱ्याला?"

शेळ्या घेऊन एक मामा आले, म्हणले काय बघताय, माळढोक? स्क्रीनवर फोटो दाखवला तर म्हणले, "ह्यो तर रोजचाच हाय." दोन फोटो शेजारी लावून दाखवले तेव्हा नीट निरखून बघितलं आणि म्हणले, "ह्येचं पंख काळं हायेत की." बास, मामांना कळलं. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर मात्र दोघांनी बघता बघता लिहिलं की हा साधा नीलपंख आहे, तारेवर बसलेल्या फोटोवरनंच. उडतानाचा टाकल्यावर गप.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) नोंद टाकली की आपल्याकडं दुर्मिळ असलेल्या पक्ष्याला ते तपशील मागतात, आणि मागावेच. मी तारेवरचा एक, दोघांचा एकत्र एक, आणि हललेला पण काळी पिसं दिसणारा एक असे टाकले, सोबत काय बघितलं ते लिहिलं. "सुंदर पक्षी, खूप आनंद झाला" असं लिहून तपासणाऱ्याला काही उपयोग नसतो. कुठली पिसं काळी ते लिहा.

नेमका खांब इथं सांगत नाय, रागावू नका. तिथं रानं लोकांची आहेत आणि माळावर गाड्या घातल्या की धाविकाची वाट लागते. माळाला पडीक जमीन समजून कुणी मुरूम उचलतंय, कुणी झाडं लावतंय, त्यात आपली भर कशाला.

संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो. आजीला फोटो दाखवला, कुठनं आला, कुठं चालला सगळं सांगितलं, तिनं चष्मा वर करून बघितलं आणि तेलुगूत नातवाला काहीतरी सुनावलं. तो म्हणला, आजीला हा चालणार नाय, छातीवर चॉकलेटी असलेलाच पायजे, परत रेकी करायला लागणार.