वारसाची ओळ

औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याचं संमतीपत्र भरताना शिक्षण, व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न हे सगळं मी पटापट विचारून घेते. वारसाच्या ओळीपाशी मात्र आवाज आपोआप खाली येतो. चाचणीमुळे माणूस दगावलाच तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी ती ओळ आहे. ती गाळता येत नाही.

मी एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. त्या पावसाळ्यात आमच्याकडे मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी एका नव्या जेलची चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांना औषध असलेलं जेल, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. जखम साफ करणं, ड्रेसिंग, साखर आटोक्यात ठेवणं, पायावर भार येऊ नये म्हणून वेगळी चप्पल, हे सगळ्यांना सारखंच. कुणाच्या वाट्याला कोणती ट्यूब, ते संगणक ठरवतो. रुग्णाला, चाचणी करणाऱ्या डॉक्टर सरांना, मला, कुणालाच ते कळत नाही.

मावशी बार्शीकडच्या एका गावातून आल्या होत्या. डाव्या तळव्याला अंगठ्याखाली बंद्या रुपयाएवढी जखम. सोबत मुलगा. इथं महागाचं औषध फुकट मिळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "अंगठा कुठं द्यायचा तेवढं दाखवा, चारची एसटी गाठायचीय," असं तो बसायच्या आधीच म्हणाला.

मावशींना वाचता येत नव्हतं. अशा वेळी चाचणीशी काही संबंध नसलेला साक्षीदार पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत समोर लागतो. दुसऱ्या वॉर्डात पत्नीला घेऊन आलेले एक निवृत्त झेडपी शिक्षक तयार झाले. रेकॉर्डिंगला मावशींची परवानगी घेतली आणि कॅमेरा सुरू केला. हे रेकॉर्डिंग सहज आलेलं नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसा आदेश दिला, कारण गरीब रुग्णांना पत्ता न लागू देता त्यांच्यावर औषधं तपासली जातात, अशा तक्रारी होत्या. पुढे २०१९ च्या नियमांत नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या रसायनाच्या औषधाच्या चाचणीत असुरक्षित परिस्थितीतल्या रुग्णांसाठी ते कायम राहिलं. कॅमेरा लावताना मला हे दर वेळी आठवतं.

सरांनी सगळं सांगितलं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, आता तुम्ही मला सांगा, तुम्हाला कोणती ट्यूब मिळणार?"

"भारीतली."

"कशावरून?"

"डाक्टर माझं वाईट करतील व्हय?"

मला सगळ्यात भीती वाटते ती या होकाराची. नकार देणारा माणूस निदान ऐकून नकार देतो. डॉक्टरांवरच्या विश्वासापोटी हो म्हणणारा काहीच ऐकत नाही, आणि त्या होकारावर सही घेणं हा त्याच्या विश्वासाचा गैरफायदा आहे.

सरांनी कागदाच्या दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली मारली, दोन्ही घडी घालून टेबलावर ठेवल्या आणि स्वतः डोळे मिटून एक उचलली. उघडून न बघता ती मावशींपुढे सरकवली. मावशी बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हे तुमच्याबी हातात न्हाई. मग तुमच्या तोंडाकडं बघून व्हय म्हणून कसं भागंल? माझं मलाच ठरवाया पायजे."

शिक्षकांनी मान हलवली. त्यानंतर प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. किती खेपा? गाडीभाडं कोण देणार? जखम चिघळली तर? मधेच सोडलं तर डॉक्टर रागावतील का? सरांनी एकेकाचं उत्तर दिलं. तिकिटाचे पैसे मिळतील. चाचणीमुळे काही झालं तर उपचार मोफत. कधीही सोडा, कारण सांगायची गरज नाही. आणि आज नाही म्हणालात तरी ड्रेसिंग होणारच आहे.

मग वारसाची ओळ आली. मुलगा म्हणाला, "टाका की माझं नाव."

मावशींनी विचारलं, "मरायचं लिवलंय का ह्यात?"

सरांनी लपवाछपवी केली नाही. आधीच्या टप्प्यांत या जेलमुळे कुणी दगावलेलं नाही हे सांगितलं, आणि तरीही हमी देता येत नाही, म्हणून तर चाचणी करायची, हेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग सुनंला इचारते. पाय ती धुती, पट्टी ती बांधती. वारस लावायचा तर तिलाच लावीन."

मुलगा चिडला. त्याची रोजंदारी बुडाली होती, त्याचा राग मी समजू शकते. पण सर उठले, आजची चर्चा इथेच थांबवतो म्हणाले आणि कॅमेरा बंद केला. महिन्याला किती रुग्ण घेतले, हे औषध कंपनीचा मॉनिटर, म्हणजे चाचणीवर देखरेख करणारा माणूस, फोन करून विचारतो. त्या आकड्यात मावशी बसल्या नाहीत, आणि आम्ही सही घेतली नाही याचं मला आजही समाधान आहे.

पुढच्या ड्रेसिंगला सूनबाई आल्या. माहितीपत्रक शेजारच्या शाळकरी मुलीकडून वाचून घेतलं होतं. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला, "ट्यूब फ्रिजात ठेवायची म्हणता. आमच्याकडं फ्रिज न्हाई. शेजाऱ्यांकडं हाय, पण लाईट गेली की दुसऱ्या दिवशीच येती. औषध खराब झालं तर ते आम्हाला कळणार कसं?"

आत बर्फ असलेल्या डब्यात ठेवून भागेल, असं सांगणं सोपं होतं. चाचणीच्या ठरलेल्या आराखड्यात तशी सोय नव्हती, म्हणून सर तसं बोलले नाहीत. मावशींनी सुनेकडे बघितलं आणि नाही म्हणाल्या. मी नोंदवहीत "संमती दिली नाही" एवढंच लिहिलं. त्या दिवशीचं ड्रेसिंग सरांनीच केलं.

सूनबाईंचा प्रश्न सरांनी कंपनीला लेखी कळवला. आमच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे चाचणीत रुग्णांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीत, सामान्य नागरिक म्हणून एक बाई असतात, त्यांनी बैठकीत तो लावून धरला. फ्रिज नसलेलं घर चाचणीतून आपोआप गळत असेल तर औषध खेड्यातल्या पायांवर चालतं की नाही हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. काही महिन्यांनी आराखड्यात दुरुस्ती होऊन शीतपेटीची तरतूद झाली. मावशींची जखम तोवर नुसत्या ड्रेसिंगवर आणि चपलेवर भरत आली होती.