पगचं घोरणं

‘आमचा पग झोपेत घोरतो, जागेपणीही घुरघुरतो. पगांचं असंच असतं ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: चपट्या तोंडाच्या या कुत्र्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं, पण म्हणून ते निरोगी नव्हे. तो श्वास अडल्याचा आवाज आहे, आणि हे अडणं आईबापांकडून येतं.

माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड तोंडाचीच पिल्लं निवडली. हाड आखूड झालं, आतलं मांस मात्र त्या मानाने घटलं नाही. नाकपुड्यांच्या नुसत्या चिरा उरल्या, लांब आणि जाड टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबू लागला. हवा ओढायला जोर लागतो, त्या जोराने घसा सुजतो आणि वाट आणखी अरुंद होते. पिल्लूपणी बरा असलेला पग पुढे धापा टाकू लागतो, तो यामुळे.

त्यात आपली मुंबई. कुत्रा धाप टाकून, तोंडातला ओलावा उडवून अंग थंड करतो. दमट हवेत तो ओलावा फारसा उडत नाही. नागपूरचे ४२ अंश सगळ्यांना घाबरवतात, इथले ३२ फसवतात. फिरवणं पहाटे किंवा रात्री उशिरा, आणि गळपट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याने. हिरड्या लालभडक किंवा निळसर दिसल्या, झोक जाऊ लागला, तर आधी अंगभर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि मगच डॉक्टरांकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

बसल्या बसल्या झोपणं, झोपेतून गुदमरून उठणं, जेवल्यावर फेस ओकणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणी करून घ्या. डॉक्टर घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकतात, तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, पुन्हा ऐकतात आणि ० (त्रास नाही) ते ३ (सर्वांत जास्त त्रास) अशी श्रेणी देतात. २ किंवा ३ आली तर उपचारांचं बोलायलाच हवं. शस्त्रक्रियेत नाकपुड्या रुंद करतात, टाळूचा जादा भाग कापतात. भुलेतून जागं होण्याची वेळ या जातीला सर्वांत धोक्याची. भुलेसाठी घशात घातलेली श्वासाची नळी तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवणार का आणि तेव्हा जवळ कोण असणार, हे आधीच विचारा.

वजन तुमच्या हातात आहे. जातीच्या मानकानुसार ते साधारण ६.३ ते ८.१ किलो असावं, आणि बरगड्या बोटांना सहज लागाव्यात. चहाबरोबरचं बिस्किट आणि तूप लावलेली पोळी घशाभोवती चरबी होऊन बसते.

बाहेर आलेल्या डोळ्यांना जखमा लवकर होतात. डोळा मिचकावत असेल तर त्याच दिवशी दाखवा. मागचे पाय घसटत असतील तर मणक्याचा एक्स-रे काढा, कारण वेड्यावाकड्या घडणीचे मणकेही या जातीत वारशाने येतात.

‘एकदा तरी मेटिंग करायचंय’ असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: श्रेणी २ किंवा ३ असेल तर करू नका. शस्त्रक्रियेनंतर तो मोकळा श्वास घेऊ लागला तरी त्याच्या पिल्लांना जबडा मिळेल तो त्याचा मूळचाच.