दारू सोडायची ठरवली, पण गट कुठे शोधायचा?

दारू सोडायची हे डोक्यात पक्कं झालं होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, हे नावही ऐकून होतो. पण तिथे जाणारे म्हणजे घरदार धुळीला मिळालेले लोक, अशी माझी समजूत. माझी नोकरी शाबूत होती, त्यामुळे हेल्पलाइनचा नंबर बरेच दिवस मोबाइलमध्ये नुसता पडून राहिला.

शेवटी फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं ते असं: "रोज घेता? सकाळी हात थरथरतात? मध्ये कधी बंद केली होती, तेव्हा फिट आली होती का?" मला मीटिंगचा पत्ता हवा होता आणि हे माझी तपासणीच करायला लागले! हात थरथरायचे, ते सांगितलं. "मग आधी डॉक्टरांना भेटा. एकदम बंद करू नका. मीटिंग काय, दर आठवड्याला असतेच."

त्या सल्ल्याचं मोल डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्याला तोंड द्यायला कायम जास्त चेतवलेला राहतो. दारू अचानक थांबली की ते चेतवणं तेवढं उरतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. मी ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) घेत काढले. पुढे गटात असे लोक भेटले की जे 'मनाचा निग्रह' म्हणून खोलीत कोंडून घेऊन बसले आणि तिथून थेट अतिदक्षता विभागात पोचले. निग्रहाचा आणि फिटचा काही संबंध नाही, हे कुणी आधी सांगत नाही.

मग शोध सुरू. यादीतल्या पहिल्या पत्त्यावर कुलूप होतं. वेळ केव्हाच बदलली होती. तेव्हापासून आधी फोन, मग प्रवास. बाहेर मोठी पाटी असेल अशीही अपेक्षा ठेवू नका. दारापाशी कुणीतरी उभं असतं आणि नवा चेहरा त्यांना बरोबर ओळखू येतो. यादीत 'खुली' आणि 'बंद' असे दोन प्रकार दिसतील. खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही येऊन बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बिचकणाऱ्याने खुल्या मीटिंगपासून सुरुवात करावी. मी तसंच केलं आणि मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहिलो. कुणी बोलायला लावलं नाही.

"इथले समुपदेशक कोण?" असं मी शेजारच्याला विचारलं तर तो हसला. कुणीच नाही! 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन भेटले, दोघेही दारूपायी बुडालेले, आणि आपसात बोलता बोलता सावरले. आजही तेच चालतं. फी नाही. शेवटी डबा फिरतो, पण नव्या माणसाला टाकूच देत नाहीत. बाहेरच्या देणग्या संस्था घेत नाही.

माझी अडचण वेगळी होती. मी देव मानत नाही, आणि एएचा दारू सोडण्याचा मार्ग म्हणजे बारा पायऱ्या, त्यांत देव सारखा येतो. 'आपल्याला उमगलेला देव' अशी मोकळीक असली तरी त्या पहिल्या गटात प्रार्थनेवर भर फार, शिवाय एकच जुने सभासद अर्धा वेळ बोलत. मी परतलो ते 'हे आपलं काम नव्हे' म्हणत. मग स्मार्ट रिकव्हरी करून पाहिलं. 1994 पासून चालणारी ही दुसरी पद्धत, देवाशिवायची, मानसशास्त्रातल्या तंत्रांवर उभी. पिण्याचे फायदे-तोटे कागदावर मांडायचा त्यांचा तक्ता मला फार आवडला. पण माझ्या आवाक्यात होती ती फक्त ऑनलाइन मीटिंग, आणि रात्री तलफ आली की स्क्रीनवरच्या कुणाला उठवणार?

डॉक्टरांनी तेव्हा 2020 सालचा कोक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा सांगितला: 27 अभ्यास, दहा हजारांहून जास्त लोक. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले होते. "देव राहू दे बाजूला, दुसरा गट बघ," ते म्हणाले. हे मला सुचलंच नव्हतं. प्रत्येक गट आपला कारभार आपणच पाहतो, त्यामुळे एका गटावरून दुसऱ्याची कल्पना येत नाही. दुसरीकडे गेलो तर तिथे प्रार्थना अर्ध्या मिनिटात आटोपली आणि एका बाईंनी पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानावरून न थांबता घरी कशी आले, एवढंच सांगितलं. तिथे टिकलो.

स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सोबत करणारा जुना सभासद, निवडायची घाई केली नाही. जो सगळ्यात रंगवून सांगतो तो नव्हे, तर जो फोन उचलतो तो निवडला. पटलं नाही तर बदलताही येतो, त्यात रुसवेफुगवे नसतात (थोडे असतात).

बायकोला मी अल-अनॉनबद्दल सांगितलं. दारुड्याच्या घरच्यांसाठीचे हे गट 1951 पासून स्वतंत्रपणे चालतात. "प्यायलास तू, मीटिंगला मी कशाला?" असं म्हणून तिने विषय तिथेच संपवला. काही महिन्यांनी स्वतःच चौकशी करून जायला लागली. तिची मीटिंग आणि माझी एकाच वेळी येते आणि मुलांजवळ कुणीतरी हवं, म्हणून आता मी माझा वार बदलून घेतलाय.