चोळू नका, उभं करू नका

काश्मीरमधली राझदान खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडच्या गुरेझ खोऱ्याकडे रस्त्याने कुणी येत नाही. तिकडच्याच एका पोस्टवर मी मेडिकल ऑफिसर होतो. गस्तीवरचा एक जवान हिमस्खलनात गाडला गेला. तो सापडेपर्यंत पाऊण तास उलटला होता.

बर्फाखाली माणूस आधी गुदमरतो; गारठून मरायला वेळ लागतो. म्हणून चेहरा मोकळा होताच मी नाक-तोंड पाहिलं. बर्फ भरलेला नव्हता, ओठांसमोर ओंजळभर पोकळी होती. इतक्या उशिरा कुणी जिवंत सापडतो तो अशाच पोकळीतल्या हवेवर.

मनगटावर नाडी लागेना. गळ्यावर बोटं ठेवून मी पूर्ण मिनिटभर थांबलो. गारठलेलं हृदय फार सावकाश चालतं, घाई केली तर जिवंत माणूस मेलेला ठरतो. ठोके लागले. लांब लांब, पण होते. श्वासही होता.

पोरं हातपाय चोळायला धावली. "साहब, थोडी रम पिला दें?" त्यांचा जीव तुटत होता, तरी मी सगळ्यांवर ओरडलो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. आणि शरीराचं तापमान 30 अंश सेल्सिअसखाली गेलं की साध्या हिसक्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. आडवाच उचलायचा, पायाखाली बघत, सावकाश. ओले कपडे ओढून न काढता कात्रीने कापले.

साधा थर्मामीटर 35च्या खाली दाखवत नाही. शुद्ध नाही, कुडकुडणं नाही, श्वास मात्र चालू, यावरून शरीराच्या आतलं तापमान 28च्याही खाली असणार असा अंदाज बांधला. एमआय रूममध्ये, म्हणजे पोस्टवरच्या तपासणीच्या खोलीत, बुखारी (शेगडी) पेटलेली होती. गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून छातीला आणि काखेत लावल्या, हातापायांना नाही. कोमट सलाइन, ऑक्सिजन, उशाशी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाची लय बिघडली तर विजेचा झटका देणारं यंत्र. हवामान खराब, हेलिकॉप्टर सकाळीच येणार होतं.

पहाटे नर्सिंग असिस्टंट घाबरून म्हणाला, "सर, ये तो काँप रहा है!"

मी म्हटलं, "काँपने दो." इतका आनंद मला क्वचितच झालाय. शरीर स्वतःची ऊब पुन्हा तयार करू लागलं होतं.

श्रीनगरला पाठवताना एक कागद त्याच्या ब्लँकेटला टाचला: किती वेळ गाडलेला होता, श्वासमार्ग मोकळा, तोंडापुढे पोकळी, ठोके कधीच थांबले नाहीत. हिमदंशाने दोन बोटांची टोकं गेली. माणूस वाचला.