पॅरिसच्या चुली पेटवणारं गाव

रोमां रोलां या फ्रेंच लेखकाचं नाव इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत त्यांनी लिहिलेल्या रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंदांच्या चरित्रांमुळे माहीत आहे. मलाही तसंच माहीत झालं. १८६६ साली ते ज्या गावात जन्मले, त्या क्लामसीबद्दल वाचायला घेतलं आणि मग लेखक बाजूला राहिले, मी गावातच अडकले. फ्रान्समधल्या बर्गंडीतलं हे छोटं गाव योन आणि बेव्रों या नद्यांच्या संगमावर आहे. इंदूरच्या खान आणि सरस्वती नद्यांच्या संगमाजवळ वाढलेल्या बाईला एवढं कारणही पुरतं.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती आणि क्लामसी हे लाकडावर जगलेलं गाव.

सोळाव्या शतकात पॅरिसला जळण पुरेना. जवळची जंगलं संपत आली होती. मोर्व्हांच्या डोंगरात लाकूड भरपूर होतं, पण ते आणायला धड रस्ते नव्हते. तेव्हा नदीलाच कामाला लावलं. झाडं तोडायची, मीटरभराहून थोडे लांब तुकडे करायचे आणि ओढ्यांत सोडून द्यायचे. वरच्या तळ्यांची दारं उघडली की लोंढ्याबरोबर सगळा माल खाली. या कामासाठी सेतों इथे १८५४ ते १८५८ या काळात मोठं धरणसुद्धा बांधलं.

इतक्या व्यापाऱ्यांचं लाकूड एकाच पाण्यात, मग कुणाचं कुठलं हे कसं कळायचं? तर प्रत्येक तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर मालकाचा ठसा हातोडीने उठवलेला असे. हे वाचलं आणि आमची वखार डोळ्यांपुढे आली. जंगल खात्याच्या लिलावातून आलेल्या सागवानाच्या ओंडक्यांवर तसाच ठसा असायचा. बाबा ओल्या फडक्याने तोंड पुसायचे, बोट फिरवून आकडा वाचायचे आणि मगच वहीत नोंद करायचे.

क्लामसीत बायापुरुष, पोरं गार पाण्यात उतरून लांब आकड्यांनी लाकडं काठावर ओढत. ठसे बघून ज्याची त्याची थप्पी लावत. मग हिरव्या फांद्या पिळून त्यांच्या बंधांनी तराफे बांधत. एकेक तराफा सत्तरेक मीटर लांब! तो वळणांतून, बंधाऱ्यांवरून सांभाळत सेन नदीपर्यंत आणि तिथून पॅरिसला न्यायचा, आणि परत यायचं पायी. या धंद्याची सुरुवात १५४९ साली जां रुव्हे या पॅरिसच्या व्यापाऱ्याने केली असं सांगतात आणि गावाने त्याचा मान ठेवलाय. मला मात्र पुलावरचा तराफेवाल्याचा पुतळा जास्त योग्य वाटतो.

त्या पुलाचं नाव बेथलेहेम पूल. क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, गेलेला नेव्हेरचा सरदार ११६८ मध्ये वारला. त्याने क्लामसीतलं एक रुग्णालय बेथलेहेमच्या बिशपला लिहून दिलं होतं. तेराव्या शतकात बिशप इथे आश्रयाला आले आणि ती गादी राज्यक्रांतीपर्यंत इथेच राहिली.

डिसेंबर १८५१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन याने सगळी सत्ता बळकावली, तेव्हा क्लामसी उठलं. त्यात तराफेवाले आघाडीवर होते. बंड मोडलं गेलं आणि कित्येकांना अल्जीरियाला, काहींना थेट फ्रेंच गयानाला धाडण्यात आलं. पॅरिसला तीनशे वर्षं ऊब देणाऱ्या लोकांना हे फळ मिळावं, याचा मला आजही संताप येतो.

पुढे दगडी कोळसा आला, रेल्वे आली. एकोणिसावं शतक सरता सरता तराफे थांबले. सुट्या लाकडांची वाहतूक आणखी काही दशकं रखडत चालली, मग तीही संपली. आमची वखार गॅसच्या शेगड्यांनी बंद पाडली, तेव्हा बाबांनी तराजू विकला, पण लाकडं ओढायचा आकडा घरी आणला.

क्लामसीत दरवर्षी १४ जुलैला नदीवर झुंज होते. होड्यांवर उभे राहून एकमेकांना काठीने पाण्यात ढकलायचं. शेवटपर्यंत जो कोरडा राहील, तो वर्षभराचा राजा.